पोट उतरवायचं तर गोणी उचला, पांदणीनं चाला आणि तेलाच्या पिप्याकडे बघा

तीन वर्षांत माझा करदोडा दोनदा तुटला. दुसऱ्यांदा तुटला तेव्हा दोरा कच्चा निघाला म्हणून मी कुरकुरत होतो, तर आई चुलीपुढूनच म्हणाली, "दोरा कच्चा नाही रे बाबू, पोट वाढलं तुह्यं." मी कृषी केंद्राच्या गल्ल्यावर सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत बसणारा माणूस. दुकानातल्या मोठ्या तोलकाट्यावर गिऱ्हाईक नसताना उभा राहिलो, तर काटा ९१ वर थांबला.

पुढचं वर्ष मी सगळ्या चुका करण्यात घालवलं. आधी पोलीस भरतीच्या पोरांसोबत पहाटे डांबरी रोडवर धावायला गेलो. त्यांना १६०० मीटरची तयारी करायची होती, मला पोट उतरवायचं होतं. बाराव्या दिवशी नडगीचं हाड असं ठणकायला लागलं की तीन आठवडे जिना चढता येईना. मग तालुक्याच्या एका जिममध्ये पैसे भरले. तिथल्या पोरानं रोज तासभर ट्रेडमिलवर चालवलं आणि रात्री फक्त पपई खायला सांगितली. दोन महिन्यांत ६ किलो गेले, पण दंड तुऱ्हाटीसारखे झाले आणि पोट होतं तिथंच. दिवाळीनंतर ते सहाही किलो परत आले.

ते का झालं, हे समजायला मला फार उशीर लागला. नुसतं कमी खाल्लं आणि नुसतं चाललं, तर शरीर चरबीसोबत स्नायूही मोडून खातं. स्नायूंना ओझं पेलायचं काम दिलं आणि पोटात पुरेशी प्रथिनं गेली, तर शरीर स्नायू राखतं आणि तूट चरबीतून भरून काढतं. म्हणजे ओझं हे स्नायू राखायला, चाल ही खर्च वाढवायला आणि दम सुधारायला, आणि चरबी खरी कमी होते ती ताटात. खाली आहे तो या तिघांचा मेळ. तो मी गावातच, जिम न लावता बसवला.

"वावरात राबतोच की!"

हे दुकानावर दिवसातून दोनदा ऐकतो. ज्या बाया दिवसभर वाकून कापूस वेचतात, त्यांना हा लेख लागू नाही. त्यांना चालण्याची नाही, कमरेच्या ताकदीची आणि सकस जेवणाची गरज आहे. पण बाकीच्यांनी स्वतःला खरं विचारावं. निंदण तणनाशकानं घेतलं, नांगरण ट्रॅक्टरनं, आणि वावरात जायला दुचाकी. पेरणीचे पंधरा दिवस आणि सोंगणीचे पंधरा दिवस अंग मोडतं हे खरं, पण बाकीचे अकरा महिने आपण धुऱ्यावर उभं राहून मोबाइलवर भाव बघतो. जेवण मात्र आजोबांच्या मापाचंच.

सुरुवातीआधी: बीपी, साखर, सिकलसेल आणि एक दोरा

जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बीपी आणि साखर तपासून घ्या. छातीत दुखतं, थोड्या चढावर धाप लागते, चक्कर येते, असं काही असेल तर आधी डॉक्टर, मग गोणी. साखर कमी करायची औषधं किंवा इन्सुलिन सुरू असेल तर व्यायामानं साखर एकदम उतरू शकते. डोस डॉक्टरांना विचारून घ्या आणि खिशात खायच्या चार गोड गोळ्या-बिस्किटं ठेवा.

विदर्भात आणखी एक गोष्ट विचारावीच लागते: सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा, आईबापाकडून येणारा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात त्याचे रुग्ण आणि वाहक बरेच आहेत. रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. 'एसएस' म्हणजे आजारच असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हे काही सुरू करू नका. 'एएस' म्हणजे वाहक असाल तर व्यायाम करता येतो, पण उन्हात, पाणी न पिता, जिवाच्या आकांतानं धावणं धोक्याचं. पोटऱ्या-मांड्या अचानक ढिल्या पडून दुखायला लागल्या तर तिथंच थांबा, सावलीत बसा, पाणी प्या आणि दवाखाना गाठा. भरतीच्या पोरांनी हे दोनदा वाचावं.

आता मोजमाप. वजन दर रविवारी, सकाळी, काही खाण्याआधी. आणि बेंबीच्या रेषेवर कंबर. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून शाईची खूण करा आणि ती सुतळी जपून ठेवा. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली, की साखर आणि हृदयाचा धोका वाढतो असं धरतात. माझी १०६ होती. वजनापेक्षा मी त्या सुतळीवरच जास्त भरवसा ठेवतो. ओझं उचलायला लागल्यावर पहिले दोन-तीन आठवडे स्नायू पाणी धरून ठेवतात, काटा हलत नाही आणि माणूस तिथंच सोडून देतो. सुतळी तोवर बोटभर सैल झालेली असते.

सामान

युरियाची ४५ किलोची रिकामी गोणी घ्या, धुऊन वाळवा, एकात एक अशा दोन घाला म्हणजे फाटत नाही. त्यात वाळू. दहा लिटरची बादली काठोकाठ कोरड्या वाळूनं भरली की साधारण १५ किलो होते, तेवढ्यावरच सुरुवात करा. गोणीच्या तोंडाला सुतळीनं पक्की गाठ मारा आणि वरची मूठभर जागा धरायला मोकळी ठेवा. पोराचं जुनं दप्तर आणि विटा, सायकलची जुनी ट्यूब, कडी मजबूत असलेल्या दोन बादल्या. एवढंच लागतं.

फवारणीचा पंप पाठीवर घेऊन बैठका मारणारा एक जण मी पाहिला आहे. कल्पना चांगली, पण पंप आणि औषधाचे रिकामे डबे यांना व्यायामासाठी हात लावू नका. घाम आलेल्या अंगातून औषध लवकर आत जातं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको. फवारणी केली त्या दिवशी व्यायामही नको.

बुटांवर मात्र पैसे खर्च करा. प्लास्टिकच्या चपलेत चालून माझी टाच महिनाभर दुखली.

पहिले दोन आठवडे: नुसती चाल आणि सराव

रोज २० ते ३० मिनिटं चाला. वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. हेच माप पुढेही. घड्याळ लावून नाडीचे ठोके मोजायची गरज नाही. सोबतीला एक दिवसाआड खालच्या सहा हालचाली, बिनओझ्यानं, दहा-दहा वेळा.

सहा हालचाली

बैठक. खाटेवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. टाच जमिनीला, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनं. सोपं झालं की खाट काढून टाका, मग गोणी छातीशी कवटाळून करा. गुडघे कुरकुरत असतील तर खाटेवर एक उशी ठेवून उंची वाढवा.

जोर. आपल्या आजोबांना 'पुश-अप' कोणी शिकवला नव्हता, जोर आणि बैठका मात्र गावोगावच्या आखाड्यात होत्या. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकानं तिथं आपले देशी खेळ दाखवले. पण नव्या माणसानं पहिल्याच दिवशी जमिनीवर जोर मारू नयेत. आधी घराच्या उंच ओट्यावर हात टेकून, मग खाटेच्या कडेवर, मग जमिनीवर. अंग डोक्यापासून टाचेपर्यंत फळीसारखं राहिलं पाहिजे. कंबर खाली लोंबली की समजा, ओटा अजून उंच हवा.

ओढणं. ट्यूब कापून तिची लांब पट्टी करा, ओसरीच्या खांबाला छातीच्या उंचीवर वेढा द्या, दोन टोकं हातात घेऊन कोपरं मागं ओढा आणि क्षणभर थांबा. गल्ल्यावर बसून पाठीला जो बाक येतो तो यानं उतरतो. ट्यूबला चिरा पडल्या का, हे रोज बघा. तुटली तर ती थेट डोळ्यावर येते.

कमरेतून वाकून उचलणं. हे नीट समजून घ्या, कारण गावातल्या निम्म्या कंबरा इथंच जातात. आपण पोतं उचलतो ते पाठ कमानीसारखी वाकवून. फावड्याचा सरळ दांडा घ्या आणि पाठीवर उभा धरा, असा की डोक्याचा मागचा भाग, खांद्यांची मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी तो टेकेल. आता दोन्ही हातांत सामान असताना ढुंगणानं दार लोटतो ना, तसं ढुंगण मागं न्या. गुडघे किंचित वाकलेले, नडगी उभीच. छाती आपोआप खाली येईल. दांडा माकडहाडावरून सुटला, तर तिथं तुमची पाठ वाकली. तेवढंच खाली जायचं आणि परत यायचं. मला हे जमायला नऊ दिवस लागले आणि बायकोला पहिल्याच दिवशी जमलं. दांडा न सुटता वीस वेळा झालं की मगच गोणी. ती पायांच्या अगदी जवळ ठेवा, जमिनीपर्यंत पोचत नसाल तर दोन विटांवर ठेवा. उचलताना पायांनी जमीन दाबायची, हातांनी गोणी ओढायची नाही.

डोक्यावर ढकलणं. दप्तरात दोन विटा घालून ते छातीपासून डोक्यावर न्यायचं. खांदा दुखत असेल तर हे सोडून द्या, काही बिघडत नाही.

ओझं घेऊन चालणं. दोन बादल्या पाण्यानं अर्ध्या भरून, ताठ उभं राहून, अंगणात ३० पावलं जायचं आणि यायचं. पाणी हिंदकळलं नाही पाहिजे, हेच तुमचं मास्तर. पकड, खांदे, पोट, सगळं एकदम कामाला लागतं. माझा सगळ्यात आवडता व्यायाम हा, आणि आई खूश, कारण हौद भरतो.

ओझं उचलताना श्वास कोंडू नका, विशेषतः बीपीवाल्यांनी. सोपा उपाय: आकडे मोठ्यानं मोजा. तोंडानं "सात, आठ" म्हणणारा माणूस श्वास कोंडूच शकत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून: आठवडा कसा मांडायचा

तीन दिवस ओझं, तीन दिवस चाल, एक दिवस आराम. आरामाचा दिवस बाजाराच्या दिवशी ठेवा, नाहीतरी त्या दिवशी काही होत नाही. आमचा बाजार गुरुवारी, म्हणून माझं सोमवार, बुधवार, शनिवार ओझं आणि मंगळवार, शुक्रवार, रविवार चाल. दोन ओझ्यांच्या दिवसांमध्ये एक दिवस मोकळा राहिला म्हणजे झालं, कारण स्नायू उचलताना बनत नाही, नंतरच्या विश्रांतीत बनतो.

ओझ्याच्या दिवशी आधी पाच मिनिटं जागच्या जागी चालून अंग गरम करा. मग सहाही हालचाली, प्रत्येकी ८ ते १२ वेळा. असा एक फेरा झाला की दुसरा. पाचव्या आठवड्यापासून तीन फेरे. मध्ये दीड मिनिट दम घ्या. अजून दोन-तीन वेळा निघाले असते, अशा जागी थांबायचं. हात थरथरेपर्यंत ताणणारा नवा माणूस चौथ्या दिवशी येत नाही. सगळं मिळून ३५-४० मिनिटं, आणि शेवटी वाटलं तर १५ मिनिटं चाल. क्रम उलटा करू नका. चालून थकलेल्या पायांनी गोणी उचलली की पाठ वाकतेच.

तिन्ही फेऱ्यांत १२ वेळा आरामात व्हायला लागलं की गोणीत वाळूचा एक लोटा वाढवा आणि परत ८ पासून सुरू करा. पुस्तकी भाषेत याला काही नाव असेल, मी दुकानाच्या वहीतच लिहितो: 'बुधवार, गोणी १५+१ लोटा, १०-१०-९'. ही वही नसती तर मी सहा महिने तीच गोणी उचलत बसलो असतो.

चालीच्या दिवशी ४० ते ५० मिनिटं. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वरच्या मांडणीत ते बसतं. सातव्या आठवड्यापासून एका चालीच्या दिवशी चव बदला: एक मिनिट जोरात, दोन मिनिटं हळू, असं सहा वेळा. जोरात म्हणजे धावणंच असं नाही. तलावाच्या पाळीचा चढ झपाझप चढणं किंवा सायकल जोरात मारणं, तेही चालतं. ८५-९० किलोच्या माणसानं गुडघ्यांवर दया करून धावायला घाई करू नये.

अंग दुखणार. ओझ्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या जास्त दुखतात आणि शौचाला बसताना देव आठवतो. ते आपोआप जातं, हलकं चालल्यानं लवकर जातं. पण सांध्यात टोचल्यासारखं दुखलं, किंवा दुखणं एकाच जागी वाढत गेलं, तर ती हालचाल थांबवा.

वेळ, ऊन आणि पांदण

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत उरका, नाहीतर दिवस मावळून तासभर झाल्यावर करा. आधी पाणी, नंतर मीठ घातलेलं ताक किंवा आंबील. पावसाळ्यात काळ्या मातीची पांदण, म्हणजे वावराकडे जाणारी कच्ची वाट, बुटाला किलोकिलोनं चिकटते. तेव्हा ओसरीत गोणी आणि डांबरी रोडवर चाल. अंधारात बॅटरी आणि बूट हवेतच, साप वाटेतच पडलेले असतात. रोडवर गाडी समोरून येईल अशा बाजूनं चाला, अंगात पांढरा सदरा घाला. जंगलाला लागून गाव असेल तर पहाटे एकट्यानं पांदणीत जाऊ नका. वाघाची वेळ आणि आपली वेळ एकच आहे. अंगणात दोरीवरच्या उड्या मारा किंवा उजाडल्यावर चौघं मिळून निघा.

बायांचा प्रश्न वेगळा असतो. "लोक काय म्हणतील" हा पहिला आणि "दंड पुरुषासारखे होतील" हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: होत नाहीत, बाईच्या शरीरात तेवढे पुरुषी हार्मोन नसतात. पहिल्यावर आमच्या घरात निघालेला तोडगा असा: बायको आणि तिच्या बचत गटातल्या तिघी संध्याकाळी एकत्र चालायला निघतात, आणि गोणी मागच्या अंगणात, दार लावून. साडीत बैठक मारू नका, पायात अडकते.

ताट

आता खरी गोष्ट. तासभर झपाझप चाललं तर ८० किलोच्या माणसाच्या साधारण ३०० कॅलरी खर्च होतात. दोन आलुबोंडे खाल्ले की हिशोब बरोबरीत. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. रोज ३०० ते ५०० ची तूट पडली तर आठवड्याला पावशेर ते अर्धा किलो उतरेल. त्याहून घाई केली तर माझ्या पपईसारखी गत होते.

तूट कुठून काढायची? भाकर तोडायला धावू नका, आधी तेलाच्या पिप्याकडे बघा. पाच माणसांच्या घरात १५ किलोचा पिपा एका महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज १०० ग्रॅम तेल झालं, म्हणजे ९०० कॅलरी. माणशी ३० ग्रॅम धरलं तर तोच पिपा तीन महिने पुरायला हवा. आमचा पाच आठवडे पुरत होता. बायकोनं कढईत ओतणं बंद करून पळीनं मोजणं सुरू केलं, तर्री ताटात वेगळी वाढायला लागली, आणि पिपा दोन महिने वीस दिवसांवर आला. भाजीची चव गेली म्हणून एकदाही कोणी बोललं नाही. पाहुणे आले की बोलतात.

मग चहा. दुकानावर माझे सहा व्हायचे, प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे ६० ग्रॅम साखर, जवळपास २४० कॅलरी. आता दोन, एक चमच्याचे.

भाकर ज्वारीचीच ठेवा, चारच्या जागी अडीच खा. जागा भरायला वरण घट्ट करा. आपलं वरण म्हणजे पुष्कळदा पिवळं पाणी असतं. ओझं उचलणाऱ्यानं किलोमागं साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं खावीत. ७० किलोच्या माणसाला ८५ ते १०५ ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर हे आकडे सोडा आणि डॉक्टरांना विचारा. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम, दोन अंड्यांत १२, पन्नास ग्रॅम सोयावडीत २६, पन्नास ग्रॅम फुटाण्यांत १०, पेलाभर दुधात सहा-सात. शेंगदाणे चांगले, पण मूठभरच, कारण त्यांच्यात निम्मं तेल. झुणका-पिठलं बेसनाचं, म्हणून उत्तम, फक्त तेलाचा हात आवरा. थंडीत तुरीचे सोले आले की मी सोलेभातातला भात कमी आणि सोले दुप्पट टाकायला सांगतो.

आणि सोयाबीन! गाड्या भरभरून विकतो, घरात दाणा ठेवत नाही. किलो सोयाबीन चांगलं भाजून नऊ किलो ज्वारी किंवा गव्हात मिसळून दळा. कच्चं मात्र खाऊ नका, ते पचत नाही.

झोपेचं एकच सांगतो: रात्री बारापर्यंत मोबाइल बघून पहाटे पाचला उठलात, तर दिवसभर भूक जास्त लागते.

किती दिवसांत, आणि हंगामात काय

माझे पहिले तीन आठवडे काटा ९१ वरच होता. बाराव्या आठवड्याला ८६, कंबर १०६ वरून ९९. वर्षानं वजन ७९ आणि कंबर ९१. मध्ये आवळ्या-जावळ्या दोन लग्नसराया आल्या, त्यात दीड किलो परत चढलं आणि उतरलं. सलग तीन आठवडे वजन आणि सुतळी दोन्ही थांबले, तरच ताटातून आणखी अर्धी भाकर कमी करा किंवा चाल दहा मिनिटांनी वाढवा. दोन्ही एकदम नको.

मृग लागला की पेरणी, आणि माझ्या दुकानावर बियाण्याची झुंबड. तेव्हा तीन दिवस जमत नाही. आठवड्यातून एकदा दोन फेरे गोणी उचलली तरी कमावलेली ताकद दोन-तीन महिने बऱ्यापैकी टिकते, म्हणून तेवढा एक दिवस मी सोडत नाही. चाल त्या दिवसांत वावरातच होते. पोळा झाला की गोणीतली वाळू निम्मी काढतो, दांडा पाठीला लावून दोन दिवस वाकणं परत तपासतो, आणि वहीचं नवं पान उघडतो.